ट्रॅव्हलर कॅम्पर: हेडचं काम आणि आतलं उपसलेलं घर, एक पावसाळा काढल्यानंतर

इंजिनबद्दल आधी सांगतो, कारण भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड धातूचं झाकण, उतरवून काम केलेलं इंजिन अख्खा पावसाळा काढून निवांत चालतंय. फोंडा, आंबोली, अणुस्कुरा, ताम्हिणी, सगळे घाट भरल्या गाडीनं चढून झाले. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) खुणेवरून हललेलं नाही, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे, पहाटेच्या गारठ्यात पहिल्या सेल्फला गाडी उठते. तक्रारी आहेत, पण त्या इंजिनाच्या नाहीत.

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, 3350 व्हीलबेस, 2596 सीसीचं कॉमन रेल डिझेल. रिकामी घेतली आणि आतलं घर एका कॅम्पर (आत राहता येईल अशी गाडी) बनवणाऱ्याकडून करून घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही, काम कसं होतं ते लिहितो. वरून बघाल तर काम देखणं होतं. सागवानी रंगाचा सनमायका, लपवलेले एलईडी, मऊ बंद होणारे ड्रॉवर. फोटो काढावेत असं.

फोंडा घाटात इंजिन तापून हेड वाकलं, पण त्या बिघाडाचं मूळ इंजिनात नव्हतंच. अंघोळीच्या गरम पाण्यासाठी या माणसानं इंजिनाच्या हीटर लाइनीतून दोन फाटे काढून मागच्या टाकीतल्या कॉइलला जोडले होते. कल्पना चांगली आहे. गाडी चालता चालता पाणी फुकटात तापतं. पण फाट्यांना लावलेला पाइप होता बागेला पाणी घालायचा, जाळीचा पारदर्शक पीव्हीसी. कूलंट साधारण 85-90 अंशांवर फिरतं. त्या उष्णतेला हा पाइप मऊ पडतो आणि मऊ पाइपवर क्लिप जितकी आवळाल तितकी ती आत रुतत जाते. कणकवलीकडून फोंडा घाट चढताना, टाकी भरलेली, एसी चालू, अशा वेळी तो निपलवरून (पाइप जिच्यावर चढवतात त्या छोट्या नळीवरून) निसटला आणि कूलंट गाडीखाली सांडून गेलं.

इथे एक गोष्ट प्रत्येक डिझेलवाल्यानं लक्षात ठेवावी. तापमानाचा काटा आधी वर गेला आणि मग झपकन खाली आला. सेन्सर कूलंटात बुडालेला असेल तोवरच त्याचं ऐकायचं. कूलंट संपून तो नुसत्या वाफेत किंवा हवेत आला की काटा काहीही दाखवतो. त्याच सुमारास हीटरची हवाही गार यायला लागते, कारण हीटरमध्ये फिरायला काही उरलेलंच नसतं. इंजिनाची ओढ कमी झाली, एक्झॉस्टमधून पांढरा धूर यायला लागला तेव्हा दाजीपूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. एका ट्रकवाल्यानं माथ्यापर्यंत टोचन करून दिलं, पुढे क्रेननं कोल्हापूर.

कोल्हापुरात पोहोचलो हे नशीबच. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पंपाचं काम, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढलं, आतून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर कॉफीसारखा दुधाळ फेस. “हेड गॅस्केट गेलंय बगा. पाणी ऑइलात मिसळलंय.” गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. मग गाडीखाली शिरले आणि तो पारदर्शक पाइप हातात घेऊनच बाहेर आले. “साहेब, ही नळी बंबाला बी कोण लावत न्हाई ओ.”

त्याआधी फोनवर एका गॅरेजनं गाडी न बघताच “पूर्ण इंजिन बांधावं लागेल, नाहीतर दुसरं बसवा” असं सांगून टाकलं होतं. मिस्त्री म्हणाले, हेड उतरवू, मोजू, मग बोलू. मला त्यांचं हेच आवडलं.

हेड उलटं ठेवून कार्बन खरवडला. त्यावर स्ट्रेटएज (सरळ धारेची पट्टी) तिरकी धरली आणि खालून फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या, पाती सरकवत गेले. कडेला 0.05 मिलिमीटरची पातही अडकत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे 0.15 ची पात आरामात आत गेली. जुन्या गॅस्केटवर नेमक्या त्याच जागी, दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर, पत्रा जळून काळा पडला होता. हेड वाकलं होतं, पण बोअरमधल्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या) होनिंगच्या तिरक्या रेघा शाबूत होत्या आणि पिस्टनवर घासल्याच्या खुणा नव्हत्या. म्हणजे पूर्ण इंजिन बांधायची गरज नव्हती. केवढे पैसे वाचले!

पुढचं काम थोडक्यात. फेसिंगच्या (हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करण्याच्या) आधी हेडची प्रेशर टेस्ट केली: पाण्याच्या वाटा बंद करून, हवा भरून, गरम पाण्यात बुडवलं. तडा असता तर बुडबुडे आले असते. तसं निघालं असतं तर फेसिंगचा खर्च पाण्यात गेला असता, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. फेसिंगही लागेल तेवढंच. डिझेलमध्ये हेड जास्त घासलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं आधीच तोकडं अंतर आणखी कमी होतं, म्हणून नंतर व्हॉल्व्हची खोली आणि पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते डायल गेजनं मोजलं. हेडचे बोल्ट नवे घेतले. जुने ताणले गेलेले असतात, ते परत लावणं ही चार पैशांची बचत नंतर महागात पडते. पाणीमिश्रित ऑइल बेअरिंगला घातक, म्हणून संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून बिग एंडचे शेल, म्हणजे क्रँकवरची बेअरिंग, पाहिले. चांगले होते तरी बदलले. इंजेक्टर पंप रूममध्ये तपासून आणले, खाली नवे तांब्याचे वॉशर घातले. वॉटर पंप, थर्मोस्टॅट नवे. इंजिन थोडं चालवून पहिलं ऑइल टाकून दिलं, परत नवं भरलं. सगळं मिळून लाखाच्या आत बसलं.

आता आतल्या घराकडे वळतो, कारण खरा वैताग तिथे होता. गरम पाण्याचा पाइप असा निघाल्यावर बाकीचं कसं असेल या शंकेनं प्लायच्या फळ्या उघडायला सुरुवात केली आणि मग थांबताच येईना.

वायरिंग घरातल्या कन्सिल्डसारखं. एकसंध तांब्याची तार, जोड पिळून टेप गुंडाळलेले. भिंतीत ही तार पन्नास वर्षं टिकेल, पण गाडी सतत थरथरते आणि एकसंध तार वाकून वाकून तुटते. गाडीत बारीक तारांच्या जुडग्याचीच वायर हवी, टोकाला क्रिंप केलेला लग हवा. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. एक फ्यूज बॉक्स होता, पण ओट्याखाली, बॅटरीपासून चार मीटरवर. मधली बिनफ्यूजची वायर कुठे पत्र्याला घासली असती तर तिला अडवणारं कोणी नव्हतं. वायर जिथून पत्र्यातून आत शिरत होती त्या भोकाला रबरी ग्रोमेटही नव्हता.

फ्रिजचं कोडंही इथेच सुटलं. 12 व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज भरल्या बॅटरीवरही अधूनमधून बंद पडायचा आणि कॅम्परवाला फ्रिजला दोष द्यायचा. त्याला दिलेली वायर 1 चौरस मिमीची, अंतर सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा. 5 अँपिअर ओढताना त्या वायरीतच जवळपास 1 व्होल्ट खर्ची पडतो, सुरू होतानाच्या झटक्याला आणखी. फ्रिजला वाटतं बॅटरी उतरली, तो स्वतःला बंद करतो. 6 चौरस मिमीची वायर टाकल्यावर ही घट 0.2 व्होल्टच्याही खाली आली. तेव्हापासून आइस्क्रीमसुद्धा टिकतंय.

लिथियम बॅटरी एका रिलेमधून थेट अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राला) जोडली होती. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर तापून मरतो. आता मधे करंटला मर्यादा घालणारा 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे. इन्व्हर्टरच्या केबल जाड केल्या, 230 व्होल्टच्या बाजूला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला.

छपरावरच्या पंख्याच्या कडेला साधं सिलिकॉन फासलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढायला घेतलं ते अख्खी दुपार गेली. सिलिकॉनचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही. पत्रा अगदी स्वच्छ करून ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट मारलं. जुलैत मालवणला रात्रभर झोडपलं, आत एक थेंब नाही. पण आधीच्या गळतीनं छपराखालचा थर्मोकोल ओला राहून पत्र्याला गंज धरला होता. तो घासून, प्रायमर मारून, बंद पेशींचा, पाणी न शोषणारा फोम चिकटवला. फळ्याही बदलल्या. ओट्याखाली एमडीएफ होता, तो पाणी पिऊन फुगला होता. आता आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय आहे, कडासुद्धा सील केलेल्या. वजन वाढलं, हे खरं.

सगळ्यात भीतीदायक होता गॅस. 5 किलोचा सिलिंडर पलंगाखाली बंद कपाटात, तळाला भोकच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली की खाली साचतो, वरच्या उघड्या खिडकीचा त्याला काही उपयोग नाही. कपाट आतून हवाबंद केलं, तळाला बाहेर उघडणारी जाळी दिली.

गरम पाणी मात्र सोडलं नाही. तेच फाटे, पण ईपीडीएमचा (उष्णता सोसणाऱ्या रबराचा) हीटर होज, पितळी निपल, ढिला न पडणाऱ्या स्प्रिंग क्लिप आणि इंजिनाजवळ दोन व्हॉल्व्ह, म्हणजे मागे काही झालं तर ती लाइन बंद करून गाडी पुढे नेता येते. एक्स्पान्शन टँकमध्ये पातळीचा सेन्सर आणि हेडच्या धातूवर वेगळा तापमापक लावला. दोन्हींचा बझर डॅशबोर्डवर आहे. कूलंट गेलं तरी धातूचं तापमान कळतं. माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त आणि सर्वात मोलाचा भाग.

विम्याबद्दल विचाराल, तर यातलं काही मिळालं नाही. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढे होणारं नुकसान वगळलेलं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. काम द्यायच्या आधी बनवणाऱ्याला या दोन्हींबद्दल विचारा. तो “ते होऊन जातं हो” म्हणाला तर उठा. आणि त्याच्याकडे तयार गाड्यांचे फोटो मागू नका; फळ्या ठोकायच्या आधीचे फोटो मागा. हेडचा वाक माझ्यासमोर मिलिमीटरच्या शतांशात मोजला गेला. त्याला वाकवणारा पाइप मात्र प्लायमागे गेल्यापासून कोणी पाहिलाच नव्हता.

आता राहिलेल्या तक्रारी. शंभर लिटरची पाण्याची टाकी डाव्या बाजूला, मागच्या चाकांच्याही मागे आहे. भरली की तेवढंच किलो वजन एका कोपऱ्यात, आणि वळणावर गाडी जाणवण्याइतकी झुकते. ती चाकांच्या पुढे घ्यायची तर पलंगाचा सांगाडा तोडावा लागेल, म्हणून सध्या अर्धीच भरतो. डीसी-डीसी चार्जरचा पंखा झोपेच्या वेळी ऐकू येतो. मागच्या दारातली खडखड तीन जणांनी शोधली, चौथा सुतार शनिवारी येतोय.