समरस्टेज की सेलिब्रेट ब्रुकलिन?

आईबाबा उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनला येतायत, त्यांना न्यूयॉर्कमधली मोकळ्या आभाळाखालची मोफत मैफल दाखवायचीय, पण समरस्टेज आणि सेलिब्रेट ब्रुकलिन या दोन उन्हाळी संगीत महोत्सवांपैकी कुठली, असं एका मैत्रिणीनं विचारलं.

खर्चात फरक नाही. दोन्हीकडचे बहुतेक कार्यक्रम मोफत, निधीसाठीच्या मोजक्यांना तिकीट. संगीतही दोन्हीकडे या शहरासारखंच: आफ्रिकी, लॅटिन, कॅरिबियन, कधी आपल्या उपखंडातलं.

खरा प्रश्न बसण्याचा. १९८६पासूनचं समरस्टेज सेंट्रल पार्कात रम्सी प्लेफील्ड या मैदानावर भरतं. तिथं बहुतेक गर्दी उभीच असते, बाकं थोडी. नाचायला झकास, पण गुडघे दुखणाऱ्यांना दोन-तीन तास उभं ठेवणं मला पटत नाही. सेलिब्रेट ब्रुकलिन १९७९पासून प्रॉस्पेक्ट पार्कात भरतं. पुढं खुर्च्या, मागं हिरवळ. चादर अंथरून अख्खं कुटुंब ऐसपैस बसतं.

प्रवासात मात्र सेंट्रल पार्क सरस. एडिसनची गाडी सुटते त्या पेन स्टेशनपासून ते जवळ; ब्रुकलिनहून रात्री एडिसनला पोचायला बराच उशीर होतो.

तरुण मंडळींनी, किंवा उशीर चालणारच नसेल तर, समरस्टेजला जावं. आईबाबांना घेऊन ब्रुकलिनच, तेही शनिवारी, आणि खुर्च्या मिळायला लवकर.