मॅक्लारेनचा फॉर्म्युला वन संघ: नेतृत्व आणि कार्यसंस्कृतीचे परीक्षण

फॉर्म्युला वनच्या संघाचे मोजमाप बहुतेक वेळा गाडीच्या वेगावरून केले जाते, आणि मला ते अपुरे वाटते. गाडी, माहिती, डावपेच आणि चाके बदलणारी माणसे हे सारे दोन चालकांना पुरवणे हे संघाचे काम, आणि ते कोणत्या प्रतीचे आहे हे काहीतरी बिघडल्यावर वरिष्ठ कसे वागतात यावरून चटकन कळते. या कसोटीवर इंग्लंडमधल्या वोकिंगचा मॅक्लारेन संघ मला आजच्या संघांत सर्वांत उजवा वाटतो, मात्र त्याच्या एका धोरणावर माझा ठाम आक्षेप आहे.

आज तिथे काय बदलले आहे हे समजण्यासाठी 2018 साल आठवावे लागते. 2015 आणि 2017 या दोन्ही हंगामांत संघ नवव्या स्थानावर राहिला होता आणि त्याचा दोष होंडाच्या इंजिनाला दिला जात होता. 2018 मध्ये रेनॉचे इंजिन आले, तरी गाडी मागेच राहिली आणि ती सबब संपली. त्याच जूनमध्ये, जादा कामाबद्दल कर्मचाऱ्यांच्या हातावर फ्रेडो नावाची 25 पेन्सची चॉकलेटे ठेवली जात असल्याची बातमी ब्रिटिश वृत्तपत्रात झळकली आणि पुढच्याच महिन्यात रेसिंग संचालक एरिक बुलिए यांनी राजीनामा दिला. चॉकलेट हे निमित्त होते. खरी खंत ही, की आतल्या माणसांना आपले गाऱ्हाणे वृत्तपत्रातून मांडावे लागले.

मुख्य कार्यकारी अधिकारी झॅक ब्राऊन हे मुळात विपणन आणि प्रायोजकत्वाच्या व्यवसायातले. त्यांचा सर्वांत चांगला निर्णय मला डिसेंबर 2022 मधला वाटतो. संघप्रमुख अँड्रियास सायडल गेल्यावर त्यांनी बाहेरचे मोठे नाव शोधत न बसता संघातल्याच आंद्रेआ स्टेला यांना प्रमुख केले. स्टेला हाडाचे अभियंते आहेत. फेरारी संघात त्यांनी शूमाकर यांच्या गाडीवर काम केले, पुढे रायकोनेन आणि अलोन्सो या चालकांचे रेस इंजिनिअर, म्हणजे शर्यतीत चालकाशी रेडिओवर बोलणारे अभियंते, म्हणून जबाबदारी सांभाळली आणि 2015 मध्ये ते मॅक्लारेनमध्ये आले. 2023 ची गाडी अपेक्षेइतकी तयार नाही हे संघाने हंगाम सुरू होण्याआधीच जाहीरपणे मान्य केले. मार्चमध्ये तांत्रिक संचालकाचे एकच पद मोडून त्याच्या जबाबदाऱ्या तिघांत वाटण्यात आल्या आणि एअरोडायनॅमिक्सचा, म्हणजे गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचा विचार करून तिचा आकार घडवण्याचा, भार संघात अनेक वर्षे असलेल्या पीटर प्रोड्रोमू यांच्याकडे आला. जुलैमध्ये ऑस्ट्रियात सुधारित गाडी उतरली आणि पुढच्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत संघाचा चालक लँडो नॉरिस दुसरा आला. इतक्या कमी काळात सगळा कर्मचारीवर्ग नवा आणता येत नाही. जे होते त्यांनाच काम करायला मोकळी वाट मिळाली. त्याच वर्षी कतारमध्ये पिट क्रूने, म्हणजे शर्यतीदरम्यान चाके बदलणाऱ्या पथकाने, 1.80 सेकंदांत चारही चाके बदलून विक्रम केला, तर 2024 मध्ये मर्सिडीजकडून विकत घेतलेल्या इंजिनावर, खुद्द मर्सिडीजलाही मागे टाकत, संघाने 1998 नंतरचे पहिले कन्स्ट्रक्टर्स (संघांचे) विजेतेपद मिळवले.

या संघाची रीत जवळून पाहायची असेल तर 2024 ची हंगेरीची शर्यत पाहावी. मागच्यांपासून बचाव म्हणून दुसऱ्या क्रमांकावरच्या नॉरिसला आधी पिटमध्ये, म्हणजे चाके बदलण्याच्या थांब्यावर, बोलावले गेले आणि नव्या टायरांच्या वेगामुळे तो आघाडीवर असलेला संघातला दुसरा चालक ऑस्कर पियास्ट्री याच्या पुढे गेला. जागा परत द्यायची हे ठरलेले असूनही नॉरिस ती सोडेना. त्याचे रेस इंजिनिअर विल जोसेफ यांनी रेडिओवर आवाज चढवला नाही. दर रविवारी सकाळी होणाऱ्या बैठकीत काय ठरते याची त्यांनी आठवण करून दिली आणि जगज्जेतेपद एकट्याने जिंकता येत नाही, त्यासाठी सहकारी चालक आणि संघ दोन्ही लागतील, हेही समजावले. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना नॉरिसने जागा सोडली आणि पियास्ट्रीने कारकिर्दीतला पहिला विजय मिळवला. आधी दिलेला शब्द आणि तो आठवून देण्याची संयत भाषा, दोन्हींबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

माझा आक्षेप आहे तो 2025 च्या इटलीतल्या मॉन्झाच्या शर्यतीतल्या निर्णयावर. तिथे नॉरिस पुढे असूनही, फेरारीच्या चार्ल्स लक्लेरपासून बचाव करण्यासाठी पियास्ट्रीला आधी पिटमध्ये घेतले गेले. मग नॉरिसचे पुढचे डावे चाक अडले, त्याचा थांबा 5.9 सेकंदांचा झाला आणि पियास्ट्री पुढे निघाला. त्याला जागा परत द्यायला सांगण्यात आले. संथ पिट स्टॉप हा शर्यतीचाच भाग असतो असे आपले ठरले होते, ही हरकत त्याने रेडिओवर नोंदवली आणि तरीही आज्ञा पाळली. हंगेरीत संघाच्या डावपेचांनी क्रम बदलला होता, म्हणून तो पूर्ववत करणे रास्त होते. मॉन्झात क्रम आधी कुणाला पिटमध्ये घेतले यामुळे आणि मुख्यतः यंत्राच्या अडथळ्यामुळे बदलला. असा प्रत्येक अडथळा समतोल करायचा म्हटले तर हिशेबाला अंतच राहत नाही. परिणामही लहान नव्हता. हंगामाअखेर नॉरिसचे 423 आणि रेड बुल संघाच्या मॅक्स व्हर्स्टॅपनचे 421 गुण झाले. बाकी सगळे जसेच्या तसे धरले तर, त्या अदलाबदलीचे तीन गुण नसते तर नॉरिस जगज्जेता झाला नसता.

याच हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात नेतृत्वाचा कस लागला. लास वेगासला गाडीच्या तळाची झीज मर्यादेबाहेर गेल्याने दोन्ही चालक बाद झाले. लगेचच कतारमध्ये सातव्या फेरीला सेफ्टी कार, म्हणजे धोका असताना सगळ्या गाड्यांना संथ चालवणारी गाडी, आली; अशा वेळी पिटमध्ये थांबल्यास वेळ कमी वाया जातो. टायर जास्तीत जास्त 25 फेऱ्यांचेच वापरायचे होते आणि नेमक्या 50 फेऱ्या उरल्या होत्या, म्हणून इतर जवळजवळ सगळे आत आले, पण मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेरच राहिल्या. पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, निघालेल्या पियास्ट्रीच्या हातून विजय निसटला. स्टेला यांनी वेगासनंतर चालकांची माफी मागितली आणि कतारचा निर्णय चुकल्याचेही स्वतः माध्यमांसमोर मान्य केले. कुणा कनिष्ठाचे नाव पुढे केले नाही. पुढच्याच आठवड्यात अबू धाबीत नॉरिस जगज्जेता झाला, आणि 410 गुणांवर थांबलेला पियास्ट्री तिसरा राहिला. मॉन्झासारख्या प्रसंगी नेमके काय करायचे, हे संघाने पुढच्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीपूर्वीच त्याच्यासमोर स्पष्ट शब्दांत मांडावे, एवढी माझी अपेक्षा आहे.