माती तपासायची की देठ? द्राक्षबागायतदारासाठी

बाग फळावर असेल आणि एकाच तपासणीचे पैसे काढायचे असतील, तर पानाचा देठ तपासा. नवी लागण करायची असेल, जुनी बाग काढून पुन्हा लावायची असेल किंवा वेली पट्ट्यापट्ट्याने पिवळ्या पडत असतील, तर आधी माती. माती परीक्षणातून जमिनीत काय आहे ते कळतं, देठ परीक्षणातून वेलीने त्यातलं काय उचललं ते. दोन्हींत अहवालाची किंमत नमुन्याइतकीच, आणि नमुना बहुतेकदा बागेतच बिघडतो.

मातीचा हिशेब बघा. एक एकरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचं वजन नऊ लाख किलोच्या आसपास भरतं. त्यातून तुम्ही अर्धा किलो पाठवता आणि जस्त-लोहाच्या चाचणीसाठी त्यातली दहा ग्रॅम माती वापरली जाते. म्हणून पंधरा-वीस जागांची माती एकत्र करायची, ढेकळं फोडून सारखी कालवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण मूठभर माती उचलून पिशवीत घालणं म्हणजे तपासणी नव्हे.

ठिबकच्या बागेत खरी मेख वेगळीच आहे. ड्रीपरच्या थेट खाली ठिबकमधून दिलेलं स्फुरद (फॉस्फरस) साचलेलं असतं, तर ओलाव्याच्या कडेला, जिथे बोदावर (वेलींच्या ओळीतल्या वरंब्यावर) पांढरी रेघ दिसते, तिथे क्षार. ड्रीपरखालची माती घेतली तर अहवाल म्हणतो स्फुरद भरपूर, कडेची घेतली तर म्हणतो जमीन खारवट. जागा या दोहोंच्या मधली धरा आणि सगळीकडे तीच ठेवा. द्राक्षासाठी 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असे दोन वेगळे नमुने हवेत. नव्या लागणीआधी 90 पर्यंत जा, कारण चुनखडीचा थर अनेकदा खालीच लपलेला असतो. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर जस्ताचा मुलामा असलेली बादली नको, प्लॅस्टिकचं घमेलं घ्या. आणि खताचं रिकामं पोतं तर नकोच नको. माती सावलीत वाळवा. भट्टीत तापवली की काळ्या मातीतल्या पालाशचे (पोटॅशियमचे) आकडे बदलतात. पुढे प्रयोगशाळेत ती लाकडी मोगरीने फोडून 2 मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात.

‘मृदा आरोग्य पत्रिका आहे की,’ असं म्हणणारे भेटतात. सरकारची ही माती तपासून पत्रिका देण्याची योजना 2015 साली सुरू झाली तेव्हा बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना अशी आखणी होती. म्हणजे सहा एकरांहून जास्त क्षेत्र, आणि नमुन्याचा खड्डा कदाचित शेजाऱ्याच्या उसात. गावाचा अंदाज घ्यायला ती बरी, पण बागेचं खत तिच्यावर ठरवू नका.

देठाचं काम हलकं वाटतं, पण तिथे वेळ चुकली की सगळं फुकट. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, नव्या काड्या तयार करण्यासाठीची) साधारण 45 दिवसांनी, सूक्ष्मघडनिर्मिती चालू असताना, म्हणजे काडीच्या डोळ्यांत पुढचे घड आकार घेत असताना, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घेतात. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची) फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. जात किंवा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ती वेल) बदलला की नमुना वेगळा. डॉगरिज खुंटावरची आणि स्वमुळावरची वेल एका पिशवीत घालू नका. प्लॉटभर फिरून सकाळी शंभरेक देठ घ्या, पातं तिथल्या तिथे तोडून टाका आणि देठ भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ते घामेजून कुजतात.

पण देठाच्या अहवालातला प्रत्येक आकडा सारखा विश्वासाचा नसतो. मॅन्कोझेब या बुरशीनाशकात जस्त आणि मंगल (मँगनीज) दोन्ही असतात, बोर्डो मिश्रणात तांबं. फवारलेल्या बागेचे देठ साबणाच्या सौम्य द्रावणाने, मग पातळ आम्लाने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुतले तरी थोडं चिकटून राहतंच. अशा अहवालात मी नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम आणि सोडियम बघतो. तांब्याकडे ढुंकूनही बघत नाही.

लोहाचं तर उलटंच. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडलेली असतात आणि देठात लोह पुरेसं दिसतं, कारण चाचणी एकूण लोह मोजते आणि वेलीत पोहोचलेलं सगळंच लोह तिच्या कामी येत नाही. धूळ बसली असेल तर आकडा आणखी फुगतो. म्हणून पिवळ्या बागेत आधी मातीतला मुक्त चुना, पीएच (आम्ल-विम्लता) आणि ईसी (क्षारांचं प्रमाण) तपासून घ्यायची.

खर्च म्हणाल तर माती दोन-तीन वर्षांतून एकदा, छाटणीआधी आणि शेणखत टाकण्याआधी. देठ दर हंगामाला, जमलं तर दोन्ही छाटण्यांना. नमुना देण्याआधी प्रयोगशाळेला एवढंच विचारा, निकाल किती दिवसांत मिळेल? खरड छाटणीनंतरच्या देठाचा अहवाल आठवड्याभरात हातात आला तर खताची मात्रा बदलायला थोडा अवधी उरतो. महिना लागणार असेल, तर त्या खेपेला देठाचे पैसे वाचवा आणि गोडी छाटणीआधी माती देऊन मोकळे व्हा.