हिवाळ्यात पक्षी पाहायला ऑर्कनी की शेटलंड?

नाताळची सुट्टी जवळ आली की ब्रिटनमधले मराठी पक्षीमित्र हमखास विचारतात: स्कॉटलंडच्या उत्तरेला एवढं लांब जायचंच, तर ऑर्कनीला जावं की शेटलंडला? दोन्ही द्वीपसमूह माझ्या फार जिव्हाळ्याचे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी पफिन, म्हणजे रंगीत चोचीचा तो समुद्रपक्षी, डोक्यातून काढून टाका. ते उन्हाळ्यात कड्यांवर असतात, हिवाळ्यात दूर समुद्रात. मग उजेडाचा हिशोब करा. डिसेंबरअखेरीस ऑर्कनीतल्या कर्कवॉलला दिवस जेमतेम सहा तासांचा. शेटलंडमधल्या लरविकला त्याहूनही लहान, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सहा-सात अंशच वर. यातला किती उजेड दुर्बिणीला लागतो आणि किती गाडीत जातो, यावर माझं उत्तर ठरतं. चार दिवस असतील तर ऑर्कनी. आठवडा असेल आणि कुरव पक्ष्यांचं वेड असेल तर शेटलंड.

ऑर्कनीची खरी श्रीमंती म्हणजे स्कापा फ्लो, बेटांनी वेढलेला शांत समुद्र. 14 ऑक्टोबर 1939 ला जर्मन पाणबुडीने इथे 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. त्यानंतर पूर्वेकडच्या खाड्या बुजवायला चार बांध घातले गेले. त्यावर इटालियन युद्धकैद्यांनीही काम केलं. आज त्याच चर्चिल बांधांवरून रस्ता जातो आणि पक्षी पाहणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळणं कठीण. वारा पूर्वेचा असेल तर पश्चिमेच्या पाण्यात बघा, पश्चिमेचा असेल तर उलट. आडोशाच्या बाजूला ग्रेट नॉर्दर्न डायव्हर आणि स्लाव्होनियन ग्रीब हे बुड्या मारणारे पाणपक्षी आणि लांबशेपट्या बदकांचे थवे मिळतात. या थंडीच्या पाहुण्यांसाठी स्कापा फ्लोला विशेष संरक्षण मिळालं आहे.

डायव्हर नीट बघायला एकाच जागी तासभर थांबा. मला आठवतो तो बांधापासून वीस-पंचवीस पावलांवर वर आलेला. चोचीत खेकडा होता. मान झटकून झटकून त्याने खेकड्याचे पाय एकेक करून तोडले, मग उरलेलं धड एका दमात गिळलं आणि आवाज न करता पाण्याखाली गेला. पाठीवरचे करडे खवले, जाड चोच, तांबूस डोळा, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

ऑर्कनीला जाण्याचं दुसरं कारण जमिनीवरचं. ऑर्कनीत व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदीर आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसांबरोबर तो इथे आला. ब्रिटनमध्ये ही जात इतरत्र कुठेच नाही. त्याच्यावर हेन हॅरियर, म्हणजे भोवत्या या शिकारी पक्ष्याची एक जात, आणि आखूडकानी घुबड जगतात. शेटलंडमध्ये व्होलच नाहीत, त्यामुळे हे दोघे तिथे क्वचित वाट चुकल्यासारखे दिसतात. घुबड तेच, जे थंडीत आपल्याकडे सासवडच्या माळांवर येतं. ऑर्कनीत त्याला मांजरतोंड्या अशा अर्थाचं लाडकं नाव आहे. 2010 पासून तिथे स्टोट हा मुंगसासारखा परका शिकारी प्राणी शिरलाय. व्होलवर आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर त्याचं संकट आहे, आणि त्याला हटवायचं काम नेटाने चाललंय याचं मला मोठं समाधान वाटतं. संध्याकाळी बर्सेच्या माळावर गाडी थांबवून बसा. पाणथळीत मुक्कामाला येणारे भोवते अंधार पडता पडता एकेक करून खाली उतरताना दिसू शकतात.

बाकी ऑर्कनी झटपट सांगतो. शेतांमध्ये आइसलंडहून आलेले ग्रेलॅग हंस हजारोंनी असतात, हॅरेच्या सरोवरात पोचार्ड आणि शेंडी बदकं. सँडे बेटाच्या वाळूवर सँडरलिंग आणि टर्नस्टोन हे छोटे किनारपक्षी धावतात. कोकणच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्याला दोघेही ओळखीचे. सोबतचा जांभळट पर्पल सँडपायपर मात्र आपल्याकडे दिसत नाही. सँडेसाठी एक पूर्ण दिवस राखायला हवा.

आता शेटलंड. तिथे ध्रुव प्रदेश जवळ आल्याचं जाणवतं. लरविकच्या बंदरात मासेमारी बोटींभोवती ग्लॉकस आणि आइसलंड हे कुरव शोधायचे. इतर कुरवांच्या पंखांची टोकं काळी असतात, यांची पांढरी. वायव्येचं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी संख्या वाढते. त्याच वादळात लिटल ऑक किनाऱ्याजवळ ढकलले जातात. हा समुद्रपक्षी आपल्या साळुंकीपेक्षाही लहान. शेटलंडची माणसं त्याला 'रॉची' म्हणतात. साउथ नेस्टिंगच्या उपसागरात डायव्हर आहेतच आणि कधी पिवळट चोचीचा व्हाइट-बिल्ड डायव्हरही सापडतो. त्यासाठी मात्र टेलिस्कोप आणि भरपूर धीर हवा. किनाऱ्यालगत पाणमांजरं दिसण्याची आशा ऑर्कनीपेक्षा इथे जास्त.

पण शेटलंडमध्ये अंतरं लांब आणि हवामान अधिक आडमुठं. ॲबरडीनहून लरविकची बोट रात्रभराची, बारा तासांच्या वर. ऑर्कनीला स्क्रॅबस्टरहून स्ट्रॉमनेस दीड तास, गिल्स बेहून सेंट मार्गारेट्स होप तासाभरात. वादळात दोन्हीकडच्या बोटी रद्द होतात. एकदा परतीची बोट दोन दिवस सुटलीच नाही, तेव्हापासून मी शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवतो. ऑर्कनीत दुसरा बांध लाटांमुळे बंद होतो, म्हणून बांधांपलीकडच्या साउथ रोनल्डसे बेटावर मुक्काम असेल तर भरतीची वेळ बघूनच निघा. गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा, वारा ते उलटं फिरवतो.

दोन्हीकडे एक आवाज मात्र नक्की भेटेल. वारा पडला, पाणी सपाट झालं की लांबशेपट्या बदकांचे नर 'का-कालू' असं सुरात हाका मारतात. त्यावरूनच त्यांचं तिथलं नाव 'कॅलू'. गाडीचं इंजिन बंद करून खिडकी दोन बोटं खाली घ्या, पाण्यावरून तो आवाज थेट आत येतो.