उपटी की निमपसरी? खरिपाचा भुईमूग पेरण्याआधी

खरिपात भुईमूग करायचं ठरलंय, पण जात कोणती घ्यावी यावर गाडी अडलीय, त्यांच्यासाठी लिहितोय. उपटी म्हणजे झुपक्याने उभी वाढणारी, निमपसरी म्हणजे थोडी जमिनीवर पसरणारी; दोन्ही करून पाहिल्यात. रान साताऱ्याकडचं, मध्यम, जेमतेम एकरभर.

एसबी-११ आमच्याकडे वडिलांपासून. उपटी जात, १०५ ते ११५ दिवसांत रान मोकळं करते. मागे शाळवाला, म्हणजे रब्बी ज्वारीला, वाफसा सापडतो. वेल मुठीत धरून ओढला की बुडाशी लगडलेल्या शेंगा एकदम वर येतात, त्यामुळे वाट्याने शेंगा तोडायला येणाऱ्या बायकाही खूश.

निमपसरीत हे सुख नाही. कोयना, म्हणजे बी-९५, १२५ ते १३० दिवस बसते. आऱ्या, म्हणजे फुलातून मातीत शिरून शेंग धरणाऱ्या काड्या, वेलाभोवती लांबवर सुटतात, आणि रान आवळलं की निम्म्या शेंगा मातीतच तुटून राहतात. मग खुरपं घेऊन उकरत बसायचं. बियाणं मात्र कमी लागतं: उपटीला हेक्टरी १०० किलो तरी धरावं लागतं, हिला ८० ते ८५ किलोत भागतं.

एवढंच असतं तर मी उपटीच धरून राहिलो असतो. घोडं अडलं ते हस्ताच्या पावसात. मृगात पेरलेली एसबी-११ नेमकी त्याच सुमाराला काढणीला येते, आणि उपट्या जातींच्या दाण्याला बहुतेक सुप्तावस्था नसते. पिकला, ओल मिळाली, की उगवला. एका वर्षी काढणीला माणसं सांगून ठेवली आणि पावसाने पाच दिवस झोडपलं. सहाव्या दिवशी वेल उपटला तर टरफलं चिरून पांढरे कोंब बाहेर आलेले. व्यापारी हात लावेना, घाण्याला नेण्यात अर्थ नव्हता, आणि पुढच्या सालाला बीही उरलं नाही. ते मला जास्त लागलं. आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याला भुईमूग परवडतो तोच मुळी तेल घरचं, पाला दावणीला आणि बी कणगीतलं म्हणून. बी विकत घ्यायची वेळ आली की सगळं गणित फिसकटतं.

पुढच्या खरिपात कोयना लावली. हस्त तेव्हाही पडला, पण वेल हिरवा होता. काढणीच्या तोंडावर आणखी दोन सरी आल्या, तरी शेंग फोडली तर आत दाणा जसाच्या तसा, गुलाबी. उकरायचा त्रास झालाच. त्यावर काढणीआधी हलकं पाणी देतो, माती सुटते.

ज्यांचा शाळू चुकवून चालत नाही, त्यांना उपटीच बरी पडेल. त्यांनी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची टीजी-२६ बघावी, उपटी असून तिच्या दाण्याला थोडी सुप्तावस्था आहे. पण परतीचा पाऊस दरवर्षी गाठत असेल आणि बी घरचंच ठेवायचं असेल, तर पंधरा-वीस दिवस जास्त थांबायला माझी तरी हरकत नाही. यंदाही बियाच्या शेंगा कोयनेच्याच वाळत घातल्यात.