सायबर फसवणुकीनंतरचा ऑनलाइन आधारगट : काही महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यांनी ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली मला व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलं आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातला बराचसा भाग काढून घेतला. कायद्यात असली अटक नाहीच, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, एफआयआर झाला, थोडी रक्कम गोठवली गेली. पण रात्रीची झोप गेली ती गेलीच. त्यात नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य, “एवढी शिकलेली बाई, कशी काय फसली?” मैत्रिणीने या गटात माझं नाव नोंदवलं, तेव्हा मी फारशी आशा ठेवली नव्हती.

दर आठवड्याला झूमवर बैठक होते, एक समुपदेशक ताई ती चालवतात. खरं नाव सांगायची सक्ती नाही, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं, रेकॉर्डिंग अजिबात नाही. रक्कम किती गेली, हे कुणी कुणाला विचारत नाही. हा नियम मला फार आवडला, कारण बाहेर पहिला प्रश्न तोच असतो.

एकदा बैठक चालू असताना कुणाचा तरी फोन वाजला. स्क्रीनवरचे सगळे चेहरे एकदम ताठ झाले. ताईंनी तो घाईने बंद करायला लावला नाही. वाजून थांबू दिला आणि मग प्रत्येकाला विचारलं, आत्ता अंगात कुठे काय झालं? कुणाची छाती धडधडत होती, कुणाला घाम फुटला होता. साताऱ्याकडचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “मला वाटायचं, मला एकट्यालाच वेड लागलंय.” त्या दिवसापासून मी घरात याबद्दल मोकळेपणाने बोलायला लागले.

माहितीही मिळाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असतं. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याची हेल्पलाइन १५१००. ताई मात्र स्वतः कायद्याचा सल्ला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता खटकलेलं. मध्यंतरी एक जण पीडित म्हणून गटात शिरला आणि खासगी मेसेज करून “फी भरा, पैसे परत मिळवून देतो” म्हणू लागला. आधीच पोळलेल्या माणसांना पुन्हा लुटण्याचा हा प्रकार बघून संताप आला. त्यानंतर खासगी चॅट बंद झालं आणि नवीन माणसाशी आधी फोनवर बोलूनच प्रवेश मिळू लागला. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. दुसरं म्हणजे शेवटी नेहमी घाई होते. कुणी रडत असताना वेळ संपली म्हणून बैठक मिटवणं मला पटत नाही, निदान नंतर त्या व्यक्तीला एक फोन जायलाच हवा. आणि दोन खोल्यांच्या घरात मनमोकळं बोलणार कुठे? आमच्यातल्या एक ताई गच्चीवर जाऊन हेडफोन लावतात.

ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्यांनी गटाच्या वारावर थांबू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. बाकीच्यांनी नाव नोंदवण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात : गट चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित समुपदेशक आहे का, आणि आत येणाऱ्याची खात्री कोण करतं?