नेवाळीच्या धावपट्टीचं नाव सांगून गळ्यात मारलेला प्रोपेलर

शीळफाट्याजवळच्या एका गोदामात मी विमानाचा जुना लाकडी प्रोपेलर म्हणून 38 हजार रुपये मोजले. बाबा हवाई दलात फिटर होते, त्यांच्या पंचाहत्तरीला द्यायचा होता. गोदामवाला म्हणाला, "दादा, नेवाळीचा माल आहे, लढाईतला." दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळच्या नेवाळीला धावपट्टी केली होती, हे आपल्या ठाणे जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. तिथंच माझा विश्वास बसला.

नौपाड्यातल्या घरी बाबांनी तो जमिनीवर आडवा ठेवला आणि पात्यांच्या कडेची पितळी पट्टी बोटानं दाखवली. दोन्ही पात्यांवर ती वरच्याच कडेला होती. "अरे, हवा कापणारी कड एका पात्याची वर, तर दुसऱ्याची खाली यायला हवी. हा फिरवलास तर एक पातं पुढं ओढेल, दुसरं मागं ढकलेल." मला पुढं काही बोलवेना.

मग त्यांनी टॉर्च घेऊन मधल्या भोकात पाहायला लावलं. खरा लाकडी प्रोपेलर अक्रोड, महोगनी अशा लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून करतात. ते थर भोकाच्या आतही दिसतात, आणि पातं जिथं निमुळतं होतं तिथं नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे वळतात. आमच्या भोकात पॉलिश पोचलं नव्हतं. आत सलग, फिकट, एकाच ओंडक्याचं लाकूड. बाहेरून दिसणारे थर नुसते रंगवलेले. पितळी पट्टी नुसत्या बारीक खिळ्यांनी ठोकलेली. खऱ्या पट्टीला टोकाशी बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जावं म्हणून. इथं एकही नव्हतं.

हबवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, मोठ्या अक्षरांत 'स्पिटफायर 1942' डागलं होतं. स्पिटफायर म्हणजे इंग्रजांचं लढाऊ विमान. दोन पात्यांचे लाकडी प्रोपेलर फक्त सुरुवातीच्या स्पिटफायरना होते. 1942 साली त्यांना तीन किंवा चार पाती असत. शिवाय खऱ्या हबवर विमानाच्या नावापेक्षा ड्रॉइंग नंबर, इंजिन, व्यास आणि पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर किती पुढं सरकेल ते अंतर) यांचे लहान ठसे शोधायचे असतात, लाकडात पंचनं ठोकलेले.

घेण्याआधी निदान भोकाच्या आतला आणि दोन्ही पात्यांचा समोरून काढलेला फोटो मागवा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर टोकनसुद्धा देऊ नका. आणि बिलावर काय लिहिलंय ते तिथंच वाचा. माझ्या बिलावर 'लाकडी शोपीस, 1 नग' एवढंच आहे. पैसे परत मागायला गेलो, तेव्हा त्यानं तेच बिल माझ्यासमोर धरलं.

तो प्रोपेलर मी विकणार नाही, दुसरं कुणी फसायला नको. ठाण्यात कुणाला असली वस्तू घ्यायची असेल, तर आधी घरी येऊन हा हातात घेऊन बघा. बाबा स्वतः दाखवतील.